गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे रे?

आधीच सांगतो, माझं मराठी म्हणजे घरचं अधिक होस्टेलचं. कॉन्व्हेंटमध्ये मराठीचा तास आठवड्यातून मोजकाच असायचा, आणि त्यातही अर्धा वेळ आम्ही बाईंकडून शब्दांचे अर्थ इंग्रजीत विचारून घ्यायचो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषय असा आहे की तो मला आपल्या पार्किंगमध्ये गाड्या लावणाऱ्या प्रत्येकाला सांगायचाय, आणि तिथली भाषा मराठी आहे.

विषय आहे मोटरसायकलचा गिअर. हसू नका! आपण सगळे मेकॅनिकलवाले टीओएमच्या पेपरला गिअर ट्रेनची गणितं सोडवतो आणि बाहेर पडून चौथ्या गिअरमध्ये स्पीड ब्रेकर ओलांडतो. मीही त्यातलाच. आमची चूक जरा महाग पडली, म्हणून हा लेख.

झालं असं. मागच्या डिसेंबरमध्ये मी आणि माझा रूम पार्टनर कोल्हापूरहून त्याच्या घरी सावंतवाडीला निघालो. गाडी त्याच्या काकांची, २००६ ची हीरो होंडा स्प्लेंडर. वय झालेलं, पण तब्येत ठणठणीत. आजऱ्याच्या पुढे गाडीने आचके दिले. पार्टनरने खाली हात घालून पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला फिरवला. आजऱ्यात पंपावर थांबायचा कंटाळा आम्हीच केला होता. आंबोली आली, घाट सुरू झाला, आणि मागे बसलेला मी अगदी हुशारीने म्हणालो, "न्यूट्रल टाक आणि चावी बंद कर. सगळा उतारच आहे. फुकट पोचू."

त्याने तसं केलं. पहिली काही वळणं तर मजा आली. इंजिनचा आवाज नाही, नुसता वारा. मग मला जळका वास यायला लागला. मला वाटलं कुणीतरी टायर जाळतंय. पार्टनर म्हणाला, "ब्रेकचा पॅडल खाली चाललाय रे." पुढच्या वळणाच्या आधी त्याने पॅडलवर जवळजवळ उभं राहून बघितलं, गाडी हवी तेवढी काही थांबेना. घाबरून त्याने चावी चालू केली, क्लच दाबला, पायाने एक गिअर टाकला आणि क्लच सोडला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी आडवी झाली आणि आम्ही दोघं डोंगराच्या बाजूच्या चरात. दुसऱ्या बाजूला काय होतं ते तुम्हाला आंबोली माहीत असेल तर सांगायला नको.

हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर होती. मला खरचटण्यावर भागलं. त्याचं उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं, हात सहा आठवडे गळ्यात, आणि उरलेले दोन पेपर गेले. "न्यूट्रल टाक" हे वाक्य माझं होतं हे त्याने घरी सांगितलं नाही, होस्टेलवरही नाही. म्हणून मी इथे सांगून टाकतो.

सावंतवाडीच्या मिस्त्रीने मागचं चाक उघडलं तेव्हा ब्रेकचे लायनर काचेसारखे गुळगुळीत आणि काळे झाले होते. त्याने आमच्याकडे बघून एवढंच विचारलं, "गाडी बंद करून घाट उतरलात? मगे ब्रेक बिचारो काय करतलो?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी सुट्टीत वही-पेन घेऊन बसलो. जे सापडलं ते तुमच्यासमोर ठेवतो.

गिअर करतो काय?

इंजिनला एक ठरावीक पट्टा आवडतो. त्याच्या खाली फिरवलं तर ते गदगदतं, वर फिरवलं तर किंचाळतं. स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनचं उदाहरण घ्या. त्याचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, सुमारे ८ न्यूटन-मीटर, आणि तो मिळतो ५,००० आरपीएमच्या आसपास. जास्तीत जास्त पॉवर मिळते ८,००० ला. नुसतं चालू ठेवलं तर इंजिन दीड हजाराच्या जरा खालीच घुटमळतं.

पण चाकाला हे आकडे चालत नाहीत. मागच्या चाकाचा घेर साधारण १.९ मीटर. ताशी २० किलोमीटर वेगाला ते चाक मिनिटाला सुमारे १७५ फेरे घेतं. म्हणजे एका बाजूला हजारांत फिरणारं इंजिन, दुसऱ्या बाजूला शेकड्यांत फिरणारं चाक, आणि मध्ये भाषांतर करणारा गिअर बॉक्स.

आता हिशेबासाठी धरून चालू की चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन पहिल्या गिअरमध्ये ३६, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात १६ आणि चौथ्यात १२ फेरे घेतं. (१०० सीसीच्या चार गिअरवाल्या गाडीचे आकडे साधारण असेच असतात. तुमच्या गाडीचे मॅन्युअलमधून काढा.) मग ताशी २० ला इंजिन किती फिरतंय?

पहिल्या गिअरमध्ये सुमारे ६,३००. दुसऱ्यात ३,९००. तिसऱ्यात २,८००. चौथ्यात फक्त २,१००.

वेग तोच, रस्ता तोच, पण पहिल्यात इंजिन ओरडतंय आणि चौथ्यात पेंगतंय. गर्दीत ताशी २० ला दुसरा गिअर का बरा वाटतो याचं उत्तर या चार आकड्यांत आहे. आणि ताशी ४० ला चौथा टाकला की इंजिन ४,२०० च्या आसपास, म्हणजे झकास. सगळे सांगतात ना, "चाळीस-पन्नासला ठेव, अ‍ॅव्हरेज चांगलं मिळतं," ते याचमुळे.

चढावर

चढावर आपली सगळ्यांची एक वाईट सवय असते. गाडी दमायला लागली तरी गिअर पाडायचा नाही, अ‍ॅक्सिलरेटर मात्र पिळत राहायचा. जणू गिअर पाडला तर गाडीचा अपमान होतो!

थोडं गणित. गाडी ११० किलो आणि आम्ही दोघं मिळून १३० किलो, एकूण २४० किलो. दहा मीटर गेल्यावर एक मीटर वर जाणारा चढ असेल तर नुसतं वजन मागे ओढतं ते सुमारे २३५ न्यूटन जोराने. वारा आणि टायर यांचा विरोध वेगळाच.

आता चाकाच्या कडेला इंजिन किती जोर पोचवतं ते बघू. चाकाची त्रिज्या सुमारे ०.३ मीटर. चौथ्या गिअरमध्ये ८ गुणिले १२ भागिले ०.३, म्हणजे ३२० न्यूटन, आणि तेही इंजिन ५,००० ला फिरत असेल तरच. पण चढावर वेग पडून २० वर आला की इंजिन २,१०० वर येतं, टॉर्क घटतो, आणि ३२० राहत नाही. मग तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर कितीही पिळा, इंजिनमधून ठकठक आवाज येतो, ते तापतं आणि गाडी मात्र हलत नाही. तोच दुसरा गिअर टाकलात तर इंजिन ३,९०० वर चढतं आणि चाकाशी हिशेब होतो ८ गुणिले २२ भागिले ०.३, म्हणजे ५८० च्या पुढे. घर्षणात थोडं जातं ते जाऊ द्या, तरी भरपूर उरतं.

मुद्दा असा की खालचा गिअर टाकणं म्हणजे हरणं नव्हे. आणि तो गाडी पूर्ण दमायच्या आधी टाकायचा. चढ समोर दिसला, वेग जरा पडायला लागला, की लगेच एक खाली. शेवटच्या क्षणी टाकाल तर क्लच दाबल्याबरोबर उरलासुरला वेगही जातो आणि मग एकदम पहिल्यावर यावं लागतं.

उतारावर, म्हणजे मूळ गोष्ट

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. सोयीसाठी धरू की घाटात आम्ही ५०० मीटर खाली येणार होतो. २४० किलो वजन ५०० मीटर खाली आणायचं म्हणजे पावणेबारा लाख जूल ऊर्जा कुठेतरी घालवायची. बारावीला शिकलेलं एम-जी-एच, दुसरं काही नाही. त्यातली अर्धी वाऱ्याने आणि टायरने खाल्ली असं अगदी उदारपणे धरलं, तरी सहा लाख जूल उरतात. एवढ्या उष्णतेत २० अंशांचं पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. खोलीत लपवलेली हीटिंग कॉइल ज्यांनी वापरली आहे त्यांना (सर, हे वाक्य वाचू नका) ती किती उष्णता असते ते बरोबर समजेल.

आम्ही इंजिन बंद केलं, गिअर काढला, आणि ही सगळी उष्णता दोन ड्रममध्ये ओतली. त्यातही पार्टनर जास्त करून मागचा ब्रेक दाबत होता, आणि सतत दाबत होता. ड्रम ब्रेक बंद डब्यासारखा असतो, आत वारा जवळजवळ जात नाही. लायनर एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड कमी होते. वर ड्रम तापून प्रसरण पावतो, म्हणजे लायनरपासून लांब सरकतो, म्हणून पॅडल आणखी खाली जातो. पार्टनर म्हणत होता ते तंतोतंत हेच.

मग गाडी गिअरमध्ये असती तर काय फरक पडला असता?

अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला तरी गाडी गिअरमध्ये असेल तर चाक इंजिनला फिरवत राहतं. हवा आत यायची वाट बंद, तरी पिस्टन ती ओढायचा प्रयत्न करत राहतो. नाक दाबून श्वास घेऊन बघा, किती जोर लागतो! त्यात पिस्टन, बेअरिंग, गिअर, ऑइल यांचं घर्षण. या सगळ्यात गाडीची ऊर्जा खर्च होते, आणि इंजिनला तर उष्णता बाहेर टाकायची सवयच असते, त्याला पंख केलेले असतात ते त्याचसाठी. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. लायनर न झिजवणारा, रस्ताभर न दमणारा तिसरा ब्रेक!

आणि हा ब्रेक किती लागायचा ते गिअर ठरवतो. इंजिनचा विरोध चौथ्यात १२ पटीने चाकापर्यंत पोचतो, दुसऱ्यात २२ पटीने. शिवाय दुसऱ्यात इंजिन जास्त वेगाने फिरत असल्यामुळे मुळातला विरोधही वाढतो. घाटात गाड्या चालवणारी जुनी माणसं सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. मला हे पूर्वी उगाच घाबरवणं वाटायचं. आता त्यामागचं गणित माझ्या वहीत आहे.

न्यूट्रलमधून परत यायची वाट

आता ज्या क्षणी आम्ही पडलो त्या क्षणाबद्दल.

मोटरसायकलचे गिअर कारसारखे नसतात. कारमध्ये तुम्ही चौथ्यातून सरळ दुसऱ्यात जाऊ शकता. मोटरसायकलमध्ये एक फिरणारा ड्रम असतो, त्याच्या खाचांमधून फोर्क सरकतात, आणि गिअर एकापाठोपाठ एकच मिळतात. स्प्लेंडरमध्ये सगळे गिअर पुढे दाबून पडतात: न्यूट्रल, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. म्हणजे न्यूट्रलमध्ये असताना पहिल्यांदा पाय मारला की मिळतो तो पहिलाच. पल्सरसारख्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे वर, न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये. जुन्या बुलेटला तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला! म्हणून दुसऱ्याची गाडी घेताना आधी विचारा, "गिअर कसे आहेत?" यात लाज कसली?

आम्ही ताशी ५० च्या आसपास असू. पार्टनरने एकदाच पाय मारला आणि क्लच सोडला. म्हणजे पहिला गिअर, ताशी ५० ला. वरचा हिशेब लावा: इंजिनला फिरावं लागलं असतं जवळजवळ १६,००० आरपीएमने. ज्या इंजिनची कमाल पॉवर ८,००० ला मिळते ते इतकं फिरणार नाही. मग दोघांतल्या एकाला माघार घ्यावी लागते, आणि माघार घेतली टायरने. चाक अडकलं, घसरलं.

क्लच दाबूनच ठेवून तीनदा पाय मारला असता, तिसऱ्यावर आणून मग हळूच क्लच सोडला असता, तर कदाचित सावरता आलं असतं. पण हे मी आता टेबलावर बसून लिहितोय. उतारावर, ब्रेक गेलेला असताना, समोर वळण असताना माणूस मोजत बसत नाही. म्हणून न्यूट्रलमध्ये जायचंच नाही. आणि क्लच दाबून उतरणं म्हणजेही न्यूट्रलच, फक्त दिवा हिरवा दिसत नाही एवढंच.

आणि पेट्रोल?

ज्यासाठी हा उद्योग केला त्याचा हिशेबही बघू. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन बंद करून घाट उतरलात तर पेट्रोल वाचतं, खोटं कशाला बोला. पण वाचतं ते फार तर एका कटिंग चहाच्या पैशाचं. हाडाचं बिल त्यापेक्षा जरा जास्त आलं.

नव्या गाड्यांमध्ये तर तेही नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि साध्या गाड्यांमध्येही फ्युएल इंजेक्शन आलं. अशा गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की कंट्रोलर बहुधा पेट्रोल बंदच करतो, कारण इंजिनला चाकच फिरवत असतं. उलट न्यूट्रल टाकलात तर इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरणं हेच स्वस्त!

मग ही न्यूट्रलची सवय आली कुठून? माझा एक अंदाज आहे. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्या. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर इंजिनात जातं. लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद ठेवून इंजिन जोरात फिरत राहिलं तर ऑइल कमी पडून ते जाम होण्याची भीती. म्हणून जाणकार मंडळी मधूनमधून क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर देत आणि इंजिनला ऑइल पाजत. हे पाहणाऱ्यांनी त्यातलं क्लच दाबणं तेवढं लक्षात ठेवलं असावं. आपल्या फोर-स्ट्रोक गाडीत ऑइल खाली वेगळं असतं आणि इंजिन फिरतंय तोवर ते फिरतं. ती भीती इथे नाही.

मग करायचं काय?

आकडे पाठ करू नका, कान वापरा. इंजिन गदगदलं, हँडल थरथरलं तर एक गिअर खाली. इंजिन किंचाळलं आणि वेग वाढेना तर एक वर. १०० सीसीच्या गाडीला साधारणपणे पहिला फक्त उचलायला, ताशी १५ पर्यंत. दुसरा २५-३० पर्यंत, तिसरा ४० पर्यंत, पुढे चौथा. डबल सीट असाल तर हेच आकडे जरा उशिरा.

गिअर पाडताना एकेक पाडा. प्रत्येक वेळी क्लच सोडून इंजिनला वेग पकडू द्या, क्लच सोडायच्या आधी अ‍ॅक्सिलरेटरला हलकासा झटका दिला तर गाडी हिसका देत नाही. चौथ्यातून धडाधड तीन वेळा पाय मारून एकदम क्लच सोडणं म्हणजे आमचाच अपघात छोट्या प्रमाणात.

वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करा आणि गिअर पाडा. वळणात गाडी झुकलेली असताना गिअरशी खेळू नका. पावसात तर नाहीच.

घाट उतरताना सुरुवातीलाच दुसऱ्या-तिसऱ्यात या. ब्रेक दोन्ही वापरा, दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. सोडल्यावरच ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो. एकाच जागी सतत पाय ठेवावा लागत असेल तर समजा, गिअर एकने जास्त आहे. जळका वास आला तर टायर जाळणारा माणूस शोधू नका, बाजूला थांबून चहा प्या.

सिग्नलला न्यूट्रल जरूर टाका, डाव्या हाताला आणि क्लचला तेवढाच आराम.

आता शेवट सांगतो. मार्चमध्ये आम्ही परत सावंतवाडीला गेलो. तीच गाडी, नवे लायनर, टाकी फुल. या वेळी पुढे मी होतो, कारण पार्टनरचा खांदा अजून कुरकुरत होता. आंबोलीत दुसरा-तिसरा करत निघालो. इंजिन सगळा घाटभर गुरगुरत होतं, मागचे दोन-तीन जण हॉर्न वाजवून पुढे गेले, जाऊ दिले. खाली दाणोलीला चहाला थांबलो तेव्हा पार्टनर खाली बसला आणि मागच्या ड्रमजवळ हात नेला. आधी लांबून, मग जरा जवळून, मग सरळ टेकवला.

"कोमट आहे," म्हणाला.

मग आम्ही दोघांनी चहा घेतला. पैसे मी दिले.